बंदूक शेजारच्या दारात होती

उस्ताद, तुमच्या वडिलांवर कुणीही बंदूक रोखली नव्हती.

हे वाक्य मी तीन वर्षांपूर्वी छापायला हवं होतं. तुम्ही होतात तेव्हा. तुमच्या हातात कागद देता आला असता, तेव्हा. आता तुम्हाला फुजैऱ्याच्या त्या खडकाळ जमिनीत ठेवून एकवीस दिवस झाले आणि मी पुण्यात बसून हे लिहितेय, तेही मराठीत. तुम्ही हसला असतात. तुमच्या त्या बिल्डिंगमध्ये शिकलेल्या हिंदीत, 'माझ्या लेकी' अशा तुमच्या अरबी हाकेनं म्हणाला असतात, "वाह, बिन्ती! जिंदा था तो लिखा नहीं. अब लिखा, वो भी ऐसा जो मैं पढ़ नहीं सकता."

समीरचा फोन आला तेव्हा मी छापखान्यात उभी होते. दुसऱ्याच कुठल्या तरी पत्रकाची प्रुफं हातात होती. तुमचा मुलगा नेहमी इंग्रजीत बोलतो माझ्याशी, पण त्या दिवशी एवढंच म्हणाला, "खलास. बाबा खलास." आणि मी पहिलं काय म्हटलं असेल? 'अरेरे' नाही, 'कधी' नाही. मी म्हटलं, "पण माझं काम राहिलंय." त्याला कळलं नाही. मला कळलं, आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तुम्हाला तुमचीच ओळख करून देणं हास्यास्पद आहे, पण हे इतरही वाचणार आहेत. तेव्हा जरा सहन करा.

बर दुबईत, अल मनखूलमध्ये, तिसऱ्या मजल्यावर आपली दारं समोरासमोर. मी शाळेत जायला लागले त्याआधीपासून तुम्ही माझ्या शाळेत अरबी शिकवत होतात. तिथं अरबी सगळ्यांना सक्तीची, त्यामुळे अख्ख्या शाळेचे तुम्ही उस्ताद. आणि मजल्याचेही. आई-बाबासुद्धा उस्तादच म्हणायचे. तुमचं खरं नाव मी पहिल्यांदा वाचलं ते समीरनं पाठवलेल्या मेसेजमध्ये, परवा.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात आपला मजला रिकामा व्हायचा. खोकी, सुतळ्या, मार्करनं लिहिलेली नावं. कुणी कोचीला, कुणी कराचीला, आम्ही पुण्याला. जाताना प्रत्येक घर कुलूप लावायचं आणि किल्ली तुमच्याकडे द्यायचं. तुम्ही दाराच्या आतल्या बाजूला प्लायवुडची एक फळी लावली होती, तिला सहा हुक. प्रत्येक हुकाला पांढरी चिकटपट्टी, त्यावर फ्लॅटचा नंबर. जुलैत ती फळी भरलेली असायची. सप्टेंबरात रिकामी.

आईची सूचना दरवर्षी तीच. "उस्ताद, कढीपत्ते को रोज पानी. तुलसी को संडे को नहीं डालने का."

"क्यों, सिस्टर?"

"नहीं डालते. उपवास रहता है उसका."

"पैंतालीस डिग्री में उपवास? मुसलमान है क्या तुम्हारा तुलसी?"

आई लटकं रागवायची. तुम्ही मात्र नियम मोडला नाहीत. शनिवारी सूर्य मावळताना दुप्पट पाणी घालायचात आणि रविवारी नुसते बघून यायचात. दहा-अकरा वर्षं ती तुळस तुमच्या शनिवारांवर जगली.

आणि आई निघताना एक वाक्य बोलायची, अगदी सहज: "आप तो किधर जाते नहीं ना, इसलिए हमको टेन्शन नहीं." तिच्या मनात काहीच नसायचं. मलाही तेव्हा त्यात काही वाटलं नाही. चौथीत असताना मी भर वर्गात तुम्हाला विचारलं होतं, "उस्ताद, व्हेन आर यू गोइंग टू युअर नेटिव्ह प्लेस?" तुम्ही फळा पुसत होतात. न वळता म्हणालात, "व्हेन यू फिनिश युअर होमवर्क." वर्ग हसला. मी इतकी येडी, की त्या सुट्टीत पुण्याला बसून अख्खी वही भरली आणि परत आल्यावर तुमच्या दारात घेऊन आले. तुम्ही वही पाहिलीत. प्रत्येक पान पाहिलंत. मग आत जाऊन एक खजुराचा डबा आणलात आणि माझ्या हातात दिलात. बोलला काहीच नाहीत.

तुम्ही पॅलेस्टिनी. तुमचा पासपोर्ट नव्हता. लेबनॉननं दिलेलं निर्वासितांचं एक प्रवासी कागदपत्र होतं, आणि त्यावर बाहेर पडलेल्या माणसाला परत आत घेतील की नाही, याची कुणी हमी देत नव्हतं. मध्ये काही वर्षं तर लेबनॉननंच तुम्हा लोकांना परत यायला व्हिसा लागेल असा नियम काढला होता. म्हणून तुम्ही किधर जात नव्हतात. म्हणून आमची कढीपत्त्याची झाडं हिरवी राहिली. हे मला कळायला कॉलेज उजाडलं.

पण कळायची पहिली ठिणगी आमच्याच हॉलमध्ये पडली. विलासमामा, आईचा भाऊ, कुवेतला ड्राफ्ट्समन होता. नव्वदच्या ऑगस्टमध्ये इराकचं सैन्य शिरलं तेव्हा फ्लॅटला कुलूप घालून तो निघाला. बगदाद, मग अम्मान, तिथं तंबू, मग आपल्या सरकारचं विमान, मुंबई. दोन वर्षांनी त्याला दुबईत नोकरी लागली आणि तो आमच्याकडे उतरला. त्याला भेटायला तुम्ही आलात, कारण तुमचा धाकटा भाऊही कुवेतलाच होता. वीस वर्षं त्याचं तिथं गॅरेज. युद्ध संपल्यावर तुमच्या पुढाऱ्यांनी चुकीच्या, म्हणजे इराकच्या, बाजूला हात वर केला होता म्हणून शिक्षा गॅरेजवाल्याला झाली. त्याला तिथून जावं लागलं, आणि जायला देश नव्हता.

बाबा चांगले आहेत, पण बाबा बाबा आहेत. चहाचा कप ठेवता ठेवता म्हणाले, "उस्ताद, बुरा मत मानना. लेकिन अड़तालीस में आप लोग निकले क्यों? रुकना था ना. छोड़ के गए, तो गया सब."

आई चकल्यांची ताटली घेऊन दारातच थांबली. तुम्ही बाबांकडे पाहिलंच नाहीत. मामाकडे वळलात.

"विलास, तुम कुवेत से क्यों निकला?"

"क्यों मतलब? सोल्जर घूम रहे थे, उस्ताद. गोली चल रही थी."

"तुमको बंदूक दिखाया? बोला कि निकलो?"

"दिखाने तक कौन रुकेगा?"

"ताला लगाया था?"

"डबल."

"वापस गया?"

"पिछले साल गया ना, सामान लाने. टीवी उठा ले गए साले. बाकी सब था. गादी भी थी."

तुम्ही मान हलवलीत. "मेरे बाप ने भी डबल लगाया था," म्हणालात आणि आईकडे हात केलात. "लाओ सिस्टर, चकली लाओ. बच्ची देख रही है, सब खा जाएगी."

बाबांनी तो प्रश्न पुन्हा कधी विचारला नाही. मी मात्र पुढं पुण्यात तो प्रश्न शंभर जणांच्या तोंडून ऐकला, आणि त्याला उत्तर द्यायच्या घाईत तुमचा घात केला.

पुण्याला कॉलेजात आले आणि मी संघटनेत गेले. तुम्ही म्हणायचात, "तुम कागज बाँटने वाली हो गई." खरंच होतं ते. आमचा सुहासदादा, ज्यानं मला पत्रक लिहायला शिकवलं, त्याचा नियम होता: एक पान, एक कारण, एक मागणी. "दुसरं कारण घातलंस की वाचणारा पत्रकात शेंगदाणे बांधतो," असं तो म्हणायचा. मला हे पटायचं. अजूनही अर्धं पटतं. भाव वाढले, का? एक कारण. झोपडपट्टी पाडली, का? एक कारण. माणूस रस्त्यात उभ्या-उभ्या वाचतो, त्याला फाटे नकोत.

दोन हजार सालच्या सुट्टीत मी तुमच्यासमोर टेपरेकॉर्डर ठेवला. कॉलेजचा प्रकल्प होता. "क्या चाहिए?" तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, "कारण. निर्वासित होण्याचं कारण." तुम्ही टेपकडे पाहून विचारलंत, "इसमें कितना टाइम है?" नव्वद मिनिटं. "कम है."

ती टेप माझ्याकडे आहे. काल पुन्हा ऐकली. मागे तुमच्या एसीचा आवाज आहे, आणि मध्येच माझा आवाज, "हो, पण मुख्य कारण काय, उस्ताद?" चार वेळा विचारलंय मी. चारही वेळा तुम्ही पुढची गोष्ट सांगितलीत.

तुम्ही नऊ वर्षांचे. उत्तर पॅलेस्टाइनमधल्या सफद शहराच्या खालच्या डोंगरात तुमचं गाव. आधी इंग्रज निघायच्या तयारीत, मग देश वाटून द्यायचा ठराव, मग दोन्हीकडून रस्त्यावर गोळ्या. मग दैर यासीनमध्ये माणसं मारल्याची बातमी आली, आणि प्रत्येक तोंडातून जाताना ती मोठी झाली. मग सफदमधली श्रीमंत घरं गाड्या भरून गेली. मग डॉक्टर गेला. "डॉक्टर गया तो मेरी माँ डर गई," हे तुमचं वाक्य आहे, कारण तुमची बहीण आजारी होती. मग डोंगरापलीकडून तोफगोळे यायला लागले. मग मुख्तार, म्हणजे तुमच्या गावचा पाटील, म्हणाला की बायकापोरांना काही दिवस उत्तरेला पाठवा. गहू पिवळा झाला होता. वडील म्हणाले, कापणीपर्यंत येऊ परत, पंधरा दिवस. त्यांनी दाराला कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं, आणि किल्ली शेजारच्या विधवा बाईकडे दिली. कोंबड्यांना दाणे घालायला कुणीतरी हवं होतं.

ती शेजारीण निघाली नाही. तिची शेळी व्यायला झाली होती.

आठवड्यानं सैनिक गावात आले. जे उरले होते त्यांना बंदुका रोखून रस्त्यावर काढलं. त्या शेजारणीलाही. ती तुम्हाला पुढं लेबनॉनच्या छावणीत भेटली, शेळीशिवाय, किल्लीशिवाय. वडील दोनदा डोंगरातून परत गेले, गहू तरी आणू म्हणून. पहिल्यांदा गोळ्या झाल्या आणि तुमचे चुलते तिथंच पडले. दुसऱ्यांदा लांबून पाहिलं तर घराला छप्पर नव्हतं. मग कायदा झाला की जे नाहीत त्यांची जमीन त्यांची नाही.

"रेडिओ?" मी टेपवर विचारतेय. "म्हणतात की अरब पुढाऱ्यांनीच रेडिओवरून सांगितलं, निघा म्हणून."

"गाँव में एक रेडियो था. मुख्तार के घर. उसका बैटरी मर गया था." तुम्ही हसताय. मग गंभीर होऊन: आमच्या मोठ्या माणसांना सोडू नकोस, तेही लिही. ते आधी पळाले. आम्हाला वाचवायला आलेल्या सैन्यांनी आम्हाला काय वाचवलं, तेही लिही. आणि ज्यांनी आमची घरं घेतली त्यांच्यातले कितीतरी लोक युरोपातून असंच कुठंतरी दार सोडून जीव घेऊन आले होते, तेही लिही. त्यानं माझं घर मला परत मिळत नाही. पण लिही.

मी लिहिलं नाही. काहीच लिहिलं नाही यातलं.

त्या वर्षी सप्टेंबर संपता संपता तिकडं पुन्हा भडका उडाला, आणि सुहासदादा म्हणाला, पत्रक हवं, उद्या. माझ्याकडे नव्वद मिनिटांची टेप आणि एक पान. मी डॉक्टर काढला. मुख्तार काढला. पळालेले पुढारी काढले, युरोपातून आलेले काढले. तरी बसेना. आणि मग उरलं ते असं, की वडिलांनी कुलूप लावलं आणि निघाले. हे वाचून प्रत्येक जण बाबांसारखंच म्हणणार होता: निघाले कशाला?

तेव्हा मी ती बंदूक उचलली आणि एक घर डावीकडे सरकवली. शेजारणीच्या दारातून तुमच्या दारात. छापलं: "सैनिकांनी छातीला बंदूक लावली आणि माझ्या शिक्षकांच्या वडिलांना घराबाहेर काढलं." एक पान. एक कारण.

हे मी कुणी सांगितलं म्हणून केलं नाही. सुहासदादाला टेप माहीतसुद्धा नव्हती. माझं मीच केलं, आणि करताना मला छान वाटलं. चौकातल्या सभेत एक बँकेतून निवृत्त झालेले काका उभे राहिले, "ताई, त्यांना त्यांच्याच लोकांनी रेडिओवरून हाकललं, इतिहास वाचा जरा." मी माईक न घेता ओरडले, "काका, माझ्या शिक्षकांच्या बापाच्या छातीवर बंदूक होती, रेडिओ नव्हता!" टाळ्या पडल्या. मुख्तारच्या मेलेल्या बॅटरीची खरी गोष्ट माझ्या खिशात असताना मी खोट्यावर टाळ्या घेतल्या.

आणि डिसेंबरात कौतुक करून घ्यायला ते पत्रक तुमच्याकडे घेऊन आले. होमवर्कची वही आणली होती तशीच.

तुमच्या हॉलमध्ये बसून मी एकेक ओळ हिंदीत करून सांगत होते. तुम्ही डोळे मिटून ऐकत होतात. त्या वाक्यापाशी डोळे उघडलेत.

"दुबारा बोलो."

मी पुन्हा सांगितलं.

"ये किसका बाप है?"

"तुमचे... आपके वालिद, उस्ताद."

"नहीं. मेरा बाप नहीं है ये." तुम्ही कागद माझ्या हातातून घेतलात. वाचता येत नसताना त्यावर बोट फिरवत राहिलात. "किधर है वो जगह? कौन सा लाइन?" मी दाखवली. तुम्ही त्या ओळीवर अंगठा ठेवलात आणि बराच वेळ उचलला नाहीत.

मग जे सांगितलंत ते टेपवर नाही. वडील छावणीत मरेपर्यंत तुमची आई त्यांना एकच टोमणा मारत राहिली: कुलूप तू लावलंस. शेजारीण बाई माणूस असून थांबली, आणि तू लावलंस. पत्र्यावर पाऊस वाजला की म्हणायची, रॉकेलच्या रांगेत म्हणायची, पाहुण्यांसमोर म्हणायची. वडील एकदाही उलटून बोलले नाहीत. सव्वीस वर्षं. मरताना तुम्हाला म्हणाले, "सांग तिला, मी पंधरा दिवसांसाठी लावलं होतं."

"बंदूक होता तो अच्छा होता," तुम्ही म्हणालात. "बंदूक होता तो वो चैन से मरता. लेकिन नहीं था. उसने खुद ताला लगाया, बच्चों को बचाया, और पूरा जिंदगी गाली खाया. तुम उसका वो भी ले लिया, बिन्ती?"

मी काय केलं? माफी मागितली? नाही. मी वाद घातला. आज तो वाद आठवला की स्वतःच्या तोंडात मारून घ्यावीशी वाटते. मी म्हटलं, उस्ताद, खरं लिहिलं तर समोरचे म्हणतील, स्वतःहून गेले. मी म्हटलं, एका पानात सगळं बसत नाही. मी म्हटलं, बंदूक होतीच ना गावात, शेजारच्या दारात होती, फरक काय पडतो?

तेव्हा तुम्ही उठलात, दाराशी गेलात आणि त्या प्लायवुडच्या फळीवर बोट आपटलंत. डिसेंबर होता. सगळे हुक रिकामे.

"तुम लोग हर साल जाता है. खुद जाता है. मैं बंदूक दिखाता है क्या? ताला लगाता है, मेरे को चाबी देता है. कोई साल मैं बोलूँ, वापस मत आओ, तुम खुद गया था, अब ये मेरा घर है. तो? तुम्हारी माँ मेरे को क्या बोलेगी?"

"जिवंत सोडणार नाही," मी मराठीत पुटपुटले. तुम्हाला कळलं, आणि त्या रागातही तुम्ही हसलात.

"निकलने का वजह पूछते हैं सब," तुम्ही म्हणालात. "डर से निकला, बम से निकला, बंदूक से निकला, बेवकूफी से निकला. सब हुआ. एक ही गली में सब हुआ. लिखो सब. छुपाने का क्या है उसमें? घर से निकलना कोई गुनाह नहीं है. आने नहीं दिया, वो लिखो."

आणि मग मागणी केलीत. आयुष्यात माझ्याकडे केलेली एकुलती एक. "ठीक कर देना. छोटा सा. मेरे बाप का."

मी हो म्हटलं, उस्ताद. हो म्हटलं आणि पुण्याला आले.

पुढचं सगळं लाजिरवाणं आहे. दुरुस्ती छापायची म्हणजे चूक कबूल करायची, आणि चूक कबूल केली की ते बँकवाले काका चौकात तीच नाचवणार. मी स्वतःशीच म्हटलं, पुढच्या पत्रकात. पुढचं पत्रक दुसऱ्या विषयावर निघालं. मग तुमचं वय झालं म्हणून शाळेनं व्हिसा पुढं वाढवला नाही आणि समीरनं तुम्हाला फुजैऱ्याला नेलं, जहाजांना तेल पुरवणाऱ्या त्याच्या कंपनीच्या क्वार्टरमध्ये. जाताना तुम्ही सहाही घरांना त्यांची किल्ली परत केलीत. आईला किल्ली देताना म्हणालात, "सिस्टर, अब तुलसी को संडे को कौन नहीं देगा?" आई आत जाऊन रडली. त्यानंतरच्या जुलैत ती तुळस वाळली.

शेवटची भेट गेल्या डिसेंबरातली. बाबांनी गाडी काढली, वाटेत मसाफीच्या बाजारातून आईनं तुमच्यासाठी डाळिंबं घेतली. तुम्ही खिडकीशी बसला होतात, पाय सुजलेले, समोर समुद्रात तेलासाठी थांबलेल्या जहाजांची रांग. आईनं डाळिंब सोलायला घेतलं. तुम्ही तिच्यासमोर काही बोलला नाहीत, ती स्वयंपाकघरात गेल्यावर विचारलंत, अगदी हळू, "छपा?"

मी म्हटलं, "इन्शाल्ला, उस्ताद."

तुम्ही इतक्या जोरात हसलात की खोकला आला. "बारा साल अरबी सिखाया, एक शब्द ठीक से सीखी! अरब जब इन्शाल्ला बोलता है ना, तब उसको करना नहीं होता."

"तसं नाही. संघटनेच्या कमिटीपुढे ठेवावं लागतं."

"मेरे बाप को कमिटी में रखेगी?"

तुम्ही माझ्या हातावर हात ठेवलात. हात गार होता. "यल्ला, चलो, अनार खाओ," म्हणालात. तुम्ही मला तेव्हाही रागवायला हवं होतं. तुम्ही नेहमी चुकीच्या वेळी प्रेमळ होतात.

कमिटी मागच्या आठवड्यात झाली. तुमच्या मरणानंतर. मी टेप लावली, पहिली वीस मिनिटं. सगळ्यांनी शांतपणे ऐकलं. मग एकानं म्हटलं, वाईट झालं, पण आता ते गेले, आता कशाला उकरायचं? दुसऱ्यानं म्हटलं, वेळ चुकीची आहे. सुहासदादा सगळ्यात शेवटी बोलला. "तू मला सांगायला हवं होतंस," एवढंच. आणि मग, "बसेल का एका पानात?"

मला त्या खोलीत भयंकर राग आला. त्यांचा नाही. अठ्ठेचाळीसपासून प्रत्येक जण तुम्हाला हेच विचारतोय: थोडक्यात सांगा. तुमच्या आईनं एक कारण धरलं, तिच्या नवऱ्याचं कुलूप. बाबांनी एक धरलं, त्या काकांनी एक, मी एक. जो येतो तो आपल्या सोयीचं एक उचलतो, आणि तुमचे वडील त्या दाराशी कुलूप दोनदा ओढून पाहत उभेच आहेत. कुणी त्यांना पंधरा दिवसांनी परत येऊ देत नाही. मीसुद्धा दिलं नाही.

तुमच्यामुळे मला रागावता येतं, उस्ताद. माझा सगळा संताप, ज्यावर मी पत्रकं लिहिते, तो त्या खजुराच्या डब्यातून आलाय, त्या न बोलण्यातून. मला वाटायचं की संताप आला की काम झालं. तुम्ही म्हणत होतात की आधी दार नीट बघ, कुणाचं आहे ते.

हे छापायचं माझं मी ठरवलंय. कमिटीचं नाव नाही, घोषणा नाही. समीर म्हणाला, अरबीत करून पाठव, मी कबरीपाशी वाचेन. माझं अरबी तुम्हाला माहीत आहे. चुका होतील. तुम्ही लाल पेननं गोल करा. मजकूर असा आहे:

*दुरुस्ती. तीन वर्षांपूर्वी आम्ही छापलं होतं की माझ्या शिक्षकांच्या वडिलांना बंदूक लावून घराबाहेर काढलं. हे खोटं आहे आणि ते मी लिहिलं. खरं असं: कत्तलीची बातमी आली होती, शहरातला डॉक्टर निघून गेला होता, गोळे पडत होते, पाटील म्हणाला होता की पोरांना हलवा. घरात आजारी मुलगी होती. त्यांनी स्वतःच्या हातानं दाराला कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं, आणि किल्ली शेजारणीला दिली, कोंबड्यांसाठी. शेजारीण थांबली, तिला आठवड्यानं बंदुकीनं काढलं. त्या गल्लीतून कुणी भीतीनं निघालं, कुणी गोळ्यांनी, कुणी बंदुकीनं. परत मात्र कुणालाच येऊ दिलं नाही. त्यांनी कुलूप पंधरा दिवसांसाठी लावलं होतं.*

मोठ्या टायपात लावलं, एका पानात बसलं नाही, उस्ताद. 'किल्ली शेजारणीला दिली' इथंच पहिली बाजू संपली. छापखानेवाला म्हणाला, ताई, कोंबड्या काढा, बसतंय.

कोंबड्या ठेवल्या. पाठीमागे छापलंय. खाली बाण काढून लिहिलंय: पान उलटा.